झोपलेल्या हाताचा सौदा

माझ्या साडूनं मला फसवलं. माझी लाल कंधारी बैलांची जोडी त्यानं भर बाजारात, दिवसाढवळ्या, गावोगावच्या माणसांदेखत माझ्याकडून विकत घेतली, आणि ती घेतली तेव्हा मी झोपलो होतो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तो हेडी आणि मीही हेडी. हेडी म्हणजे जनावरांचा व्यापारी. बाजाराचं नाव लिहीत नाही, तिथं मला अजून जायचं असतं.

आमच्याकडं बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसतात, हातांवर उपरणं टाकतात आणि उपरण्याखाली बोटं धरून भाव करतात. कोणतं बोट धरलं, किती बोटं धरली, त्यावरून आकडा कळतो. तोंडानं मात्र पाऊसपाणी, लग्नकार्य, कुणाची म्हैस व्याली असल्या गप्पा चालू ठेवायच्या. भाव पटला नाही तर हात ओढून घ्यायचा. समोरच्यानं आकडा दाबला आणि तरी तुमचा हात त्याच्या मुठीत निवांत राहिला, तर सौदा पटला. मग लगेच चहा येतो आणि जनावर दुसऱ्याच्या दावणीला जातं. मागं फिरणं नाही.

माझा हात निवांत राहिला. का राहणार नाही, मीच निवांत होतो. बाभळीच्या सावलीत, जेवण झाल्यावर, उपरण्याखाली हात देऊन बसलो आणि साडूच्या तोंडून त्याच्या विहिरीच्या मोटारीची रडकथा ऐकता ऐकता माझे डोळे मिटले. उघडले तेव्हा कुणीतरी चहाचा ग्लास माझ्या नाकासमोर धरला होता आणि माझी जोडी साडूच्या मनच्या भावात पाठमोरी चालली होती.

"कोनाचा सौदा झाला?" मी विचारलं.

"तुमचाच की," चहावाला म्हणाला.

मी उठलो तो ओरडतच. साडू उपरणं झटकत शांतपणे म्हणाला, "दादा, हात वढला का तुमी?"

"मी झोपलो व्हतो."

"ते ऱ्हाऊ द्या. हात वढला का?"

आमच्या बाजारात भांडण झालं की एका म्हाताऱ्या हेड्याकडं जायचं, असा रिवाज आहे. दात एकही नाही, पण बैलाच्या दातांवरून त्यानं सांगितलेलं वय कधी चुकत नाही. त्याच्यासमोर आम्ही उभे राहिलो.

"हात वढला का?" म्हातारा.

"बाबा, झोपलेला मानूस हात कसा वढंल?"

"म्हंजी न्हाई वढला."

"झोपलो व्हतो म्हनून न्हाई वढला."

"म्हंजी न्हाईच वढला की," म्हातारा म्हणाला आणि माझ्याच सौद्याचा चहा प्यायला लागला.

आता मी कोण, ते सांगितल्याशिवाय हे किती लागलं ते कळणार नाही. माझा बाप दुसऱ्याच्या शेतात सालदार होता. मी दुसऱ्याची गुरं वळत मोठा झालो. कुणाचा बैल कुठल्या पायावर चोरून भार देतो, कुठला बैल नांगराला बरा आणि गाडीला आळशी, हे मी गुरांमागं फिरून शिकलो. पुढं शेतकरी मला सोबत न्यायला लागले, की तुमी फक्त हात घाला. हिंगोली जिल्हा नवीन झाला त्या सुमारास माझ्या दारात जीप उभी होती. हेड्याला दुकान नसतं, पाटी नसते. त्याचा हात म्हणजे त्याचं दुकान. आणि माझ्या हाताला कुणी फसवलंय असं तोवर कुणाच्याही तोंडून आलं नव्हतं.

पुढच्या बाजारी गेलो तर जो तो विचारतो, "जागे हाय का?" चहावाल्यानं न मागता चहा कडक केला. सिद्धेश्वर धरणाकडचा एक शेतकरी, ज्याचे बैल कित्येक वर्षं माझ्याच हातून गेले, तो भावाला घेऊन आला आणि त्याला माझ्या शेजारी बसवलं.

"हे काहून?" मी विचारलं.

"काय न्हाई. त्यो फकस्त तुमच्या डोळ्याकडं बघंल."

मी उपरणं फेकून उठलो. मी उठलो आणि त्यानं दुसऱ्या हेड्यापुढं बसकण मारली. तेव्हा पहिल्यांदा मी हिशोब केला. हा हात एकदा झोपाळू म्हणून नावाजला, की मला परत गुरंच वळावी लागणार.

बायको घरी एवढंच म्हणाली, "मी कवाची सांगून राहिले."

ती सांगत होती हे खरं. पण ती काय सांगत होती? की तुमी झोपेत मधीच बंद पडता. यावर मी दरवेळी म्हणायचो, "बंद पडायला मी काय इंजन हाय?" आणि विषय संपायचा. घोरणं मला भूषण वाटायचं. ज्याचं पोट भरलेलं आणि अंगात रग आहे तो घोरणारच. घोरत नाहीत ते चिंता करणारे. असं मी चारचौघांत सांगायचो आणि सांगता सांगता पेंगायचो.

पेंगण्याचे प्रकार सांगायचे तर एक दिवस पुरणार नाही. न्हाव्याच्या खुर्चीत एका गालाची दाढी झाल्यावर मी असा झोपलो, की त्यानं दुसऱ्या गिऱ्हाइकाचे केस कापून घेतले आणि मग माझ्या दुसऱ्या गालाकडं वळला. जीपमध्ये कुणी शेजारी बसायला तयार नसायचं. रेल्वे फाटकाशी थांबलो की गाडी निघून जायची, फाटक उघडायचं, मागचे हॉर्न वाजवायचे आणि मी तसाच. एकदा तर जयंतीच्या कार्यक्रमात मला स्टेजवर बसवलं, कारण मांडव मी दिला होता. पाहुणे बोलायला उठायच्या आधी कुणीतरी माइक टेस्ट करून माझ्यासमोरच ठेवून गेलं. पुढचं मला आठवत नाही. अख्ख्या वस्तीला आठवतं. कर्ण्यातून असा आवाज निघाला म्हणे, की मागच्या बाया ट्रॅक्टर आला समजून लेकरं उचलून बाजूला झाल्या.

सकाळी डोकं लोहाराच्या ऐरणीसारखं जड. तोंड कोरडं. रात्रीतून अनेकदा लघवीला उठायचो. आणि राग तर असा, की दूध उतू गेलं तरी मी दुधाला शिव्या द्यायचो. यासाठी वारंगा फाट्यावरच्या एका दवाखान्यात गेलो. मी म्हणालो, झोप झाल्यासारखी वाटत नाही. तिथल्या डॉक्टरनं माझ्याकडं वर मान करून बघितलंसुद्धा नाही. झोपेच्या गोळ्या दिल्या. त्या घेतल्यावर मी दिवसा बोलता बोलता वाक्याच्या मध्यावर झोपायला लागलो. बायकोनं मग स्वतःचं डोकं चालवलं. माझ्या बनियनला पाठीवर खिसा शिवला आणि त्यात एक कवठ घातलं, म्हणजे उताणा झालो की टोचावं आणि मी कुशीला वळावं. कवठ फुटलं. अंथरूण, बनियन, पाठ, सगळं कवठाच्या वासानं घमघमलं आणि पंधरवडाभर मुंग्या माझ्यावर प्रेम करत राहिल्या.

एवढं होऊनही मी डॉक्टरकडं गेलो तो आजारासाठी गेलो नाही. मला पुरावा पाहिजे होता. सौदा झाला तेव्हा मी शुद्धीत नव्हतो असा एखाद्या मोठ्या डॉक्टरचा कागद मिळाला, तर म्हाताऱ्या हेड्यापुढं तो आपटून जोडी परत आणायची, असा माझा बेत. हिंगोलीत छातीच्या विकारांचे एक डॉक्टर आले होते. बायकोला साक्षीदार म्हणून बरोबर घेतलं.

"काय त्रास होतोय?" डॉक्टरांनी विचारलं.

"त्रास कसलाच न्हाई. फक्त दाखला पाहिजे. मी झोपलो व्हतो असा."

"कधी?"

"बैल विकले तवा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग हळूहळू विचारायला लागले. सकाळी डोकं दुखतं का? तोंडाला कोरड? दिवसा बसल्या बसल्या डोळा लागतो? चिडचिड होते?

"चिडचिड न्हाई साहेब," बायको म्हणाली, "त्यो सोभावच हाय."

"घोरतात का?"

या प्रश्नाची ती बिचारी किती वर्षं वाट बघत होती कुणास ठाऊक. ती म्हणाली, "सांगून कळनार न्हाई साहेब. करून दावते."

आणि तिनं करून दाखवलं. पदर खोचून खुर्चीत रेलली, डोळे मिटले आणि सुरू झाली. आधी बारीक करवत. मग जाडी करवत. मग दगडी जातं. मी म्हणालो, "पुरं कर." तिनं हात वर करून मला गप्प केलं. आवाज चढत चढत गेला, बाहेर बाकावर बसलेले पेशंट दारातून डोकावायला लागले, आणि एकदम बंद.

अगदी बंद. तिची छाती हलत होती, पण हवा आत जात नव्हती, असं तिनं दाखवलं. डॉक्टर थांबले. मी थांबलो. दारातले पेशंट थांबले. पंख्याचा आवाज तेवढा. मला वाटलं, आता घेईल, आता घेईल. घेईना. मग ती नदीत बुडणारं जनावर नाक वर काढतं तशी फुस्सकन उसळली, आणि परत बारीक करवत.

डोळे उघडून ती म्हणाली, "असं सारी रात. ह्यो थांबला का मी जागी. परत सुरू झाला का मी डोळे मिटते. तंवर परत थांबतो."

मी माझी झोप तेव्हा पहिल्यांदा ऐकली. मी उठून दारातल्या पेशंटांना हाकललं.

डॉक्टर हसत होते, पण उठून त्यांनी जे केलं ते बघून मला घाम फुटला. टेप घेऊन माझी मान मोजली. मग म्हणाले, "आ करा." बॅटरी लावून दात, जीभ, टाळा, सगळं बघितलं. जबड्याला हात लावून मान इकडं वळव, तिकडं वळव. आयुष्यभर मी बैलांना असंच तपासत आलो. आता पाठीवर थाप मारून चालवून बघतील आणि शेपटी वर करायला सांगतील, असं वाटलं. बायको तोंडाला पदर लावून हसत होती.

"ब्लड प्रेशर वाढलंय," डॉक्टर म्हणाले. "आणि हे घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे. झोपेत घसा ढिला पडून आतून मिटतो. हवा जात नाही. मेंदू घाबरून तुम्हाला क्षणभर उठवतो, घसा उघडतो, तुम्ही परत झोपता. तुम्हाला सकाळी आठवत नाही. पण रात्रभर हेच चालतं. अंथरुणात पडून राहता, झोप मात्र होत नाही. मग शरीर ती दिवसा मिळेल तिथं वसूल करतं."

"उपरण्याखाली," मी म्हणालो.

"मिळेल तिथं."

फाट्यावरच्या गोळ्या बायकोनं दाखवल्या, त्या त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. त्या गोळ्यांनी घसा आणखी ढिला पडतो म्हणे, दारूनंही पडतो. कवठाची हकिकत ऐकून मात्र त्यांनी बायकोकडं आदरानं बघितलं. कुशीवर झोपल्यानं काहींना खरंच फरक पडतो, म्हणाले, फक्त कवठाऐवजी चेंडू घालायचा. पण माझं प्रकरण चेंडूच्या पुढं गेलेलं. हैदराबादला चिठ्ठी दिली. तिथं एक रात्र झोपवून तपासतात.

"आनि जीप? रेल्वेच्या फाटकातबी झोपतात," बायको म्हणाली.

"इलाज होईपर्यंत अजिबात चालवायची नाही."

मी तिथंच टेबलावर हात आपटला. जीप माझी, घामाची, आणि हा माणूस सांगणार? डॉक्टर आवाज न चढवता म्हणाले, "बैल परत घेता येतो. फाटकात झोपलात तर काय परत घ्याल?" तेवढ्यात बायकोनं माझ्या खिशातून किल्ली काढून आपल्या कमरेला खोचली. तो सौदा उपरण्याशिवाय झाला.

हैदराबादच्या गाडीत मी झोपलो. सकाळी डब्यातलं एकही माणूस आमच्याशी बोलेना. एका आजीबाईंनी बायकोच्या हातात गुपचूप केळं दिलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

त्या दवाखान्यात बाकावर झोपेचेच पेशंट. एका बाईचे पाय संध्याकाळ झाली की वळवळायचे, हलवल्याशिवाय चैन नाही, म्हणून तिला झोप यायची नाही. घरच्यांनी अंगारेधुपारे केले होते. तिच्या रक्तात लोह कमी निघालं, त्यावर औषध सुरू झालं आणि पाय शांत व्हायला लागले. एक मास्तर झोपेत उठून चालायचे, एकदा तर शाळेपर्यंत गेले. मी म्हणालो, "हजेरी लागली का?" मास्तरांनाच जास्त हसू आलं. आपल्याकडं झोपेला रोग होतो हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि इथं तर तिची वर्गवारी. बैलांच्या जातींसारखी.

मला डोक्यापासून पायापर्यंत तारा चिकटवून निजवलं. सकाळी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कागद काढला. त्यावर डोंगरासारख्या रेघा, आणि मध्येमध्ये सपाट माळ. सपाट तिथं श्वास नाही. माळच जास्त होता. बायकोनं तो कागद हातात घेतला. माझ्यावर ओरडली नाही. हळूच म्हणाली, "मी खोटं बोलून राहिले न्हवते."

मी लगेच विचारलं, "ह्याची झेरॉक्स मिळंल का?" मला बाजारात दाखवायची होती.

इलाज म्हणजे एक मशीन. त्याची नळी नाकावरच्या मास्कला जोडायची, ते रात्रभर हवा फुंकतं आणि त्या हवेच्या जोरानं घसा उघडा राहतो. मशीन विकणारा तरुण गुळगुळीत दाढीचा. म्हणाला, "रेट फिक्स है चचा." फिक्स हा शब्द ऐकला की मला तेज चढतं. मी त्याचा हात धरला, वर टॉवेल टाकला आणि मधलं बोट दाबलं. तो घाबरून बायकोकडं बघत म्हणाला, "चची, इनकू क्या होरा?" बायको म्हणाली, "कुछ न्हाई बेटा, ये ऐसेच बात करते." हात सुटायच्या आधी एक जादा मास्क, जादा नळी आणि घरपोच दुरुस्ती एवढं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं. त्यानं हात ओढला नाही. तो जागा होता, हे इथं नमूद करतो.

घरी आल्यावर मास्क लावून आरशात बघितलं. मळणीच्या वेळी बैलानं कणसं खाऊ नयेत म्हणून त्याच्या तोंडाला मुसकं बांधतात. हुबेहूब ते. बायको हसता हसता भिंतीला टेकली. "लई जनावरांना बांधलं," ती म्हणाली, "आता तुमी घाला." पहिले काही दिवस मी ते फेकून द्यायचो. नाक वाळायचं, नळीत गुदमरायचं, आणि त्यात आमच्याकडचं लोडशेडिंग. वीज आली तर उपकार. मग इन्व्हर्टर आणला, आणि दारात उभ्या असलेल्या जीपची बॅटरी काढून त्याला जोडली. जीप चालेना, पण मी चालायला लागलो.

ती सकाळ मला आठवते. कुणी हाका न मारता माझे डोळे उघडले. डोकं हलकं. इतकं हलकं, की ते आहे ना म्हणून चाचपून बघितलं. बाहेर कोंबडे, हापशाचा आवाज, कुणाचा तरी रेडिओ, सगळं धुऊन काढल्यासारखं ऐकू येत होतं. बायको बाजूला गाढ झोपली होती. उन्हाची तिरीप तिच्या तोंडावर आली तरी ती हलली नाही. लग्नानंतर ती माझ्या आधी उठली नाही असा तो पहिलाच दिवस असावा. मी चहा केला. दूध उतू गेलं. मी दुधाकडं बघत उभा राहिलो आणि मला हसू फुटलं.

हसण्याच्या आवाजानं ती धावत आली. गॅस, दूध, मी. "बरं हाय ना तुमाला?" म्हणाली. चहा तिनं घोटभर घेतला आणि उरलेला झाडाला घातला. दुपारी शेजारीण विचारायला आली, मालक गावाला गेलेत का, रात्री आवाज न्हवता.

आठवडाभर मी गावात येड्यासारखा फिरलो. जे दिसेल त्याला सांगायचो, तू घोरतोस का? मधी थांबतोस का? दिवसा पेंगतोस का? बायकोला इचार, तुला ठाऊक नसतंय. लोक मला बघून गल्ली बदलायला लागले. तरी त्यातले दोघे पुढं डॉक्टरकडं जाऊन आले, हे मी माझ्या खात्यावर धरतो.

मग बाजार. पुढ्यात कुणी बसेना. शेवटी म्हातारा हेडीच येऊन बसला. भर दुपार, नुकतंच जेवण झालेलं, ऊन डोळ्यांवर झापड आणणारं. त्यानं उपरणं टाकलं, माझा हात धरला आणि आपल्या मेलेल्या घोडीची गोष्ट सुरू केली. ती गोष्ट ऐकून चांगली झोप झालेली माणसंही पेंगतात. मी ऐकत राहिलो. घोडी आजारी पडली, घोडीनं चारा सोडला, आणि गोष्टीच्या मध्यावर म्हाताऱ्यानं हळूच एक बोट दाबलं. मी तत्क्षणी हात ओढला.

"हात जागा हाय," म्हातारा उठून सगळ्यांना म्हणाला.

सिद्धेश्वरकडचा तो शेतकरी परत आला. या वेळी एकटाच.

हात परत मिळाला. जोडी मिळाली नव्हती. मी झेरॉक्स काढली, म्हाताऱ्यापुढं ठेवली आणि साडूला बोलावलं. रेघा दाखवल्या, सपाट माळ दाखवला. बाजार भोवती जमला. मी म्हणालो, "ह्यो मोठ्या दवाखान्याचा कागद हाय. मी झोपलो व्हतो. झोपलेल्या मानसाचा सौदा लागू न्हाई."

साडू म्हणाला, "मला काय म्हाईत झोपले का काय. तुमचा श्वासच थांबला व्हता. मला वाटलं, इचार करून राहिले."

बाजार खदखदून हसला. म्हातारासुद्धा. मीही हसलो असतो, पण ते वाक्य माझ्या कानात अडकलं. श्वास थांबला होता. म्हणजे त्यानं बघितलं. हातभर अंतरावर, माझा हात त्याच्या हातात, आणि समोरच्या माणसाची छाती हवा घेत नाही हे त्याला दिसलं. त्यानं आकडा दाबला.

म्हाताऱ्याचा निकाल विचारला तर म्हणाला, "फुडच्या बाजारी बघू." तो पुढचा बाजार अजून आला नाही.

त्यानंतर साखरा गावी साडूच्या घरी त्याच्या मुलीचं लग्न ठरलं म्हणून सुपारीचं जेवण होतं. नात्याचं आहे, जावं लागलं. गोठ्यात माझी जोडी उभी. मला बघून एका बैलानं कान हलवले, मी बघितलं नाही असं दाखवलं. जेवणं झाली आणि साडू ओसरीतल्या बाजेवर आडवा झाला. आम्ही पान खात बसलो. बारीक करवत सुरू झाली, मग जाडी करवत. आणि थांबली.

सुपारी कातरता कातरता माझ्या बायकोचा हात थांबला. तिची बहीण ताट उचलत होती, तीही थांबली. दोघी बहिणी एकमेकींकडं न बघता बाजेकडं कान लावून. बाकीची माणसं खुशाल बोलत होती. मला एकदम कळलं, या घरातही कुणीतरी रात्रभर जागं असतं.

मी उठलो आणि साडूला खांद्याला धरून गदागदा हलवला. तो फुस्सकन उसळून उठला.

"काहून उठवलं?" डोळे लाल करून म्हणाला.

"श्वास बंद पडला व्हता तुझा."

"मंग? चांगली झोप लागली व्हती. पोट भरल्यावर मानूस घोरनारच."

माझेच शब्द, माझ्याच आवाजात. मेव्हणी पुढं आली. "दाजी, ह्यांला घेऊन जा तुमच्या डाक्टराकडं. मी कवाची सांगून राहिले."

"मला काय झालं न्हाई," साडू म्हणाला आणि कूस बदलून परत आडवा झाला. बॅटरी परत घालून माझी जीप, माझं मशीन, हैदराबादचा पत्ता, सगळं मी त्याला देऊ केलं. त्याला वाटलं, मी त्याची चेष्टा करतोय. अजूनही वाटतं.

म्हणून साडू, आता तुला लिहूनच विचारतो. जोडीचा दावा मी सोडलेला नाही, तो म्हाताऱ्याकडं आहे. हा दावा वेगळा. तुझा श्वास थांबला तेव्हा माझी तुझ्याशी बोलचाल नव्हती, तुझ्या गोठ्यात माझे बैल उभे होते, आणि तरी मी उठून तुला जागं केलं. माझा थांबला तेव्हा तू माझ्या समोर बसून होतास. मला का नाही उठवलंस? इचार करून राहिले असं वाटलं, हे उत्तर बाजाराला चाललं, मला चालणार नाही. खरं उत्तर दे. बायकोला बरोबर घेऊन हिंगोलीच्या त्या डॉक्टरांसमोर बस, तिला तुझं घोरणं करून दाखवू दे, ती मध्ये थांबेल तेव्हा तूही थांबून ऐक, आणि मग सगळ्यांदेखत मला सांग.